काकडीचे गोड लोणचे : राशिविचाराचा एक पाठ



आपल्या नियतकालिकातून आसवारिष्टे, अवलेह, गुग्गुळकल्प यांवर अभ्यासपूर्ण लेखन नेहमी येते. त्या मानाने रुग्णाच्या ताटात डाव्या बाजूला वाढल्या जाणाऱ्या पदार्थांकडे आपले लक्ष कमी जाते. चटणी, कोशिंबीर, लोणचे ही ताटाची डावी बाजू. पथ्य सांगताना आपण तिची बोळवण 'लोणचे बंद' या दोन शब्दांत करतो. हे दोन शब्द किती अपुरे आहेत हे मला एका रुग्णेमुळे उमगले. प्रस्तुत लेख त्या अनुभवातून लिहिला आहे. लेखात काकडीच्या गोड लोणच्याची मोजून केलेली कृती आहे आणि त्या निमित्ताने चरकोक्त 'राशी' या संकल्पनेची उजळणीही आहे.

प्रसंग

माझे चिकित्सालय वसईजवळ पापडी येथे आहे. साठीच्या पुढील एक गृहिणी संधिशूल आणि मलावष्टंभासाठी माझ्याकडे येत असत. त्यांना उच्च रक्तदाबही होता व त्याची औषधे दुसऱ्या तज्ज्ञांकडून चालू होती. पथ्य सांगताना मी आंब्याचे लोणचे, पापड व सुकी मासळी वर्ज्य करण्यास सांगितले. "मग तोंडाला चव कशाने आणू?" असे त्यांनी विचारले तेव्हा "काकडी खा, शीतल आहे," असे उत्तर देऊन मी मोकळा झालो.

दोन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा पायांवर सूज होती आणि रक्तदाब पूर्वीपेक्षा वाढला होता. मी विचारले, "मावशी, लोणचे पुन्हा सुरू केलेत का?" त्या म्हणाल्या, "नाही हो डॉक्टर, तुम्ही सांगितलेत त्या दिवसापासून लोणच्याला हात लावला नाही. काकडीच खाते, दोन्ही वेळा वाटीभर." सोबत आलेल्या सूनबाईंना ही काकडी कशी करता असे विचारल्यावर उलगडा झाला. ती कोशिंबीर नव्हती. शिरका, साखर आणि मीठ घालून बरणीत मुरवलेली ती काकडी होती. घरात तिला कोणी लोणचे म्हणत नसे. ती तिखट नव्हती, तेलकट नव्हती आणि गोड लागत होती.

त्यांना मी त्याच दिवशी त्यांच्या तज्ज्ञांकडे पाठविले. तेथे औषधाच्या मात्रेत बदल झाला आणि मुरवलेली काकडी बंद झाली. तीन आठवड्यांत सूज उतरली. श्रेय औषधाचे किती व पथ्याचे किती, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही आणि तसा माझा दावाही नाही. चूक मात्र माझी होती. मी द्रव्य सांगितले. त्याचे करण आणि राशी विचारली नाही.

शास्त्रविचार : त्रपुस ते शुक्त

काकडी म्हणजे आपले त्रपुस. कोकणात पावसाळ्यात येणारी मोठी तवशी याच कुळातील. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सत्ताविसाव्या अध्यायात त्रपुस व एर्वारुक यांना मधुर, गुरू, विष्टंभी व शीतल म्हटले आहे. सुश्रुतांनी अवस्थाभेद अधिक स्पष्ट केला आहे. कोवळे हिरवे त्रपुस पित्तहर, पांढुरके पडलेले कफकर, तर जून होऊन आंबट झालेले वातकफहर. म्हणजे एकाच फळाच्या तीन अवस्था आणि तीन निरनिराळी कार्ये. केवळ 'काकडी' हा शब्द उच्चारून पथ्य पूर्ण होत नाही, हे ग्रंथकारांनी आधीच सांगून ठेवले आहे.

पुढचा प्रश्न मुरवण्याचा. शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडात दहाव्या अध्यायात शुक्ताची व्याख्या आहे. कंद, मूळ, फळ इत्यादी द्रव्ये स्नेह व लवणासह द्रवात घालून आंबवली असता शुक्त होते. त्याच ठिकाणी गुळाच्या पाण्यात तेलासह कंद-मूळ-फळे घालून आंबट होईपर्यंत ठेवल्यास त्यास गुडशुक्त म्हटले आहे. ही व्याख्या वाचताना आपल्या घरातील गोड लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर उभी राहते. सुश्रुतांनी शुक्ताला रक्तपित्तकर, छेदी, भुक्तान्नाचे पाचन करणारे, लघू तसेच कफ, पांडू व कृमी यांचा नाश करणारे म्हटले आहे. शुक्तात मुरवलेली द्रव्ये त्याच गुणांची, पण विशेषेकरून रोचन असतात असेही ते सांगतात. गुळाचे, उसाच्या रसाचे व मधाचे शुक्त यांपैकी गुळाचे सर्वांत गुरू व अभिष्यंदी मानले आहे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. ग्रंथोक्त शुक्तात फळ व द्रव यांचे संधान एकत्र होते. आजच्या घरगुती पद्धतीत संधान आधीच पूर्ण झालेला शिरका, ज्याला बाजारात व्हिनेगर म्हणतात, तो काकडीवर ओततात. काकडी स्वतः आंबत नाही. ती आम्लद्रवात मुरते. म्हणून या लोणच्याला शुक्त न म्हणता शुक्तात मुरवलेले, म्हणजे आसुत द्रव्य म्हणणे अधिक योग्य ठरेल. कार्यदृष्ट्या निष्कर्ष एकच निघतो. शीतल, पित्तहर त्रपुस बरणीतून बाहेर येते ते उष्ण, रोचन आणि रक्तपित्ताला प्रतिकूल होऊन.

वसईची परंपरा

वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. शिरक्याचा सढळ वापर गोव्याप्रमाणेच वसईच्या ख्रिस्ती स्वयंपाकातही रुजलेला आहे. लग्नसमारंभात कच्ची पपई, गाजर व खारीक घातलेले शिरक्याचे गोड लोणचे करण्याची चाल ईस्ट इंडियन कुटुंबांत आहे. शेजारच्या हिंदू घरांत गोड लोणचे म्हटले की गुळांबा, मेथांबा किंवा गूळ घातलेले लिंबाचे लोणचे आठवते. काकडीचे गोड लोणचे या दोन्ही परंपरांच्या सीमेवर आहे. कोठे ते शिरक्यात करतात, तर कोठे लिंबाचा रस, गूळ व फेसलेली मोहरी घालून. लिंबाचा प्रकार दोन दिवसांत संपवायचा असतो. साठवणीचा प्रकार शिरक्याचा. पुढील कृती त्याचीच आहे.

कृती (मोजून केलेली)

साहित्य : कोवळ्या, घट्ट काकड्या १ किलो, मीठ ५० ग्रॅम, शिरका (किमान ४ टक्के आम्लतेचा) ६०० मि.लि.; साखर ३०० ग्रॅम; आल्याच्या चकत्या २० ग्रॅम; मोहरी १० ग्रॅम; काळी मिरी ५ ग्रॅम; लवंगा ४; दालचिनीचा एक तुकडा; हळद अर्धा चहाचा चमचा.

१. प्रत्येक काकडीचे दोन्ही टोकांकडील तुकडे चाखून पाहावेत. कडू लागल्यास ती काकडी संपूर्ण टाकून द्यावी. साखरेने कडवटपणा झाकला जातो, दोष जात नाही. २०१० साली दिल्लीत कडू दुधीच्या रसाने झालेला मृत्यू आपणांस आठवत असेल. काकडी त्याच कुळातील आहे.

२. फुलाकडील टोक थोडे कापून टाकावे. ते राहिल्यास काकडी लवकर मऊ पडते. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात.

३. चकत्यांना मीठ लावून चार तास थंड जागी ठेवाव्यात. सुटलेले पाणी चाळणीत निथळू द्यावे. माझ्या घरी एक किलो काकडीला पेलाभर पाणी सुटले. हे पाणी काढले नाही तर शिरका पातळ होतो.

४. स्टीलच्या पातेल्यात शिरका, साखर व मसाले एकत्र करून उकळी आणावी. पाणी अजिबात घालू नये. पितळेचे, तांब्याचे अथवा ॲल्युमिनिअमचे भांडे घेऊ नये. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते.

५. चकत्या घालून पुन्हा उकळी फुटेपर्यंतच ठेवावे. दहा मिनिटे पाण्यात उकळून घेतलेल्या काचेच्या बरणीत लोणचे गरम असतानाच भरावे. सर्व चकत्या द्रवात बुडालेल्या असाव्यात.

६. निवल्यावर बरणी शीतकपाटात ठेवावी. आठवड्याने उघडावी व दोन महिन्यांत संपवावी. चमचा नेहमी कोरडा व स्वच्छ असावा. बुरशी, बुडबुडे किंवा वेगळा वास आल्यास वरचा थर काढून उरलेले खाऊ नये. सर्वच टाकून द्यावे.

साखरेऐवजी गूळ घेता येतो. रंग काळसर होतो व गुण गुडशुक्ताकडे झुकतात. मधुमेही रुग्णाला गुळामुळे सूट मिळते असे मात्र समजू नये. मध या कृतीत घेऊ नये, कारण द्रव उकळावा लागतो आणि तापवलेला मध आपल्या शास्त्राला संमत नाही.

राशिविचार

चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेषायतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. यांपैकी राशीचे दोन भाग आहेत. आहाराचे एकूण प्रमाण तो सर्वग्रह व त्यातील एकेका द्रव्याचे प्रमाण तो परिग्रह. हाच न्याय एका बरणीला लावून पाहू.

वरील कृतीतून सुमारे १६०० ग्रॅम लोणचे मिळते. साखर ३०० ग्रॅम, म्हणजे सुमारे १९ टक्के. मिठाचा काही भाग निथळलेल्या पाण्याबरोबर जातो. चकत्या न धुता वापरल्यास ३० ग्रॅमच्या आसपास मीठ शिल्लक राहते असे धरू, म्हणजे सुमारे २ टक्के. आता दोन निरनिराळ्या घरांचा हिशेब मांडू.

पहिल्या घरात जेवणात एकदा दोन लहान चमचे, म्हणजे १५ ग्रॅम लोणचे वाढले जाते. त्यातून मीठ ०.३ ग्रॅम आणि साखर सुमारे ३ ग्रॅम पोटात जाते.

दुसऱ्या घरात, म्हणजे आमच्या मावशींच्या घरी, दोन्ही वेळा वाटीभर, मिळून २०० ग्रॅम. त्यातून मीठ ४ ग्रॅम आणि साखर सुमारे ३७ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसभरातील एकूण मिठाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत सांगितली आहे. भात, भाजी, आमटी व पोळीतील मीठ अजून मोजायचेच आहे.

बरणी एक, कृती एक, द्रव्येही तीच. तरी एका घरी ते रोचन आणि दुसऱ्या घरी शोथाला हातभार. फरक केवळ राशीचा. आंब्याच्या खारट लोणच्याची फोड कोणी वाटीभर खात नाही, कारण जीभच थांबवते. गोड लोणच्यात मधुर रस लवणाला झाकतो आणि जिभेची ही राखण निघून जाते. म्हणून माझ्या मते पथ्यदृष्ट्या गोड लोणचे खारट लोणच्यापेक्षा अधिक फसवे आहे. पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग टाळावा हे त्याच अध्यायातील वचन येथे नेमके लागू पडते.

मीठ आणि साखर कमी करता येते का, असा प्रश्न रुग्ण विचारतात. येते. या कृतीत टिकाऊपणा मुख्यतः शिरक्याच्या आम्लतेवर व थंडाव्यावर अवलंबून आहे. निथळलेल्या चकत्या एकदा पाण्यातून काढून, दाबून पुन्हा निथळल्यास मीठ बरेच कमी होते. साखर निम्मी केली तरी चालते. शिरका मात्र कमी करता येत नाही, त्यात पाणीही घालता येत नाही. बंद बरणीत विषार निर्माण करणारे काही जंतू पुरेशा आम्लतेतच रोखले जातात. गोव्यात माडाच्या सुरेपासून केलेला घरगुती शिरका चवीला उत्तम असतो. पण त्याची आम्लता मोजलेली नसते, म्हणून साठवणीच्या लोणच्यासाठी तो घेऊ नये.

काल, संयोग व उपयोक्ता

पावसाळी काकडी श्रावण-भाद्रपदात मुबलक येते. वर्षाऋतूत अम्ल, लवण व स्नेहयुक्त आहार शास्त्रसंमत आहे. परंतु भाद्रपदाच्या अखेरीस घातलेली बरणी उघडते आश्विनात, म्हणजे पित्तप्रकोपाच्या शरद ऋतूत. अम्लपित्त, शीतपित्त व नासागत रक्तस्रावाचे रुग्ण याच काळात आपल्याकडे वाढतात. त्यांना 'नवीन काय खाता' असे न विचारता 'कोणती बरणी उघडली' असे विचारून पाहावे.

संयोगाविषयी एवढेच सांगतो की दुधाबरोबर अम्ल द्रव्ये विरुद्ध होत. मुलांना डब्यात पाव व हे लोणचे आणि सोबत दूध देण्याची सवय काही घरांत दिसते. ती सोडवावी.

उपयोक्त्यानुसार सारांश असा :

हितकर (दोन लहान चमचे, जेवणासोबत) : अरुची, ज्वरमुक्तीनंतरचे अग्निमांद्य, कफप्रधान मुखवैरस्य.

वर्ज्य : रक्तपित्त, अम्लपित्त, मुखपाक, कंडू-दाहयुक्त त्वग्विकार, शोथ, वृक्कविकार, उच्च रक्तदाब.

प्रमेहात : या प्रमाणातील साखरेसह वर्ज्यच. ताज्या काकडीची अल्प मिठाची कोशिंबीर हा सरळ पर्याय आहे.

औषधालयचालकांसाठी

आपल्यापैकी काही जण औषधालयात लोणची, मुरंबे ठेवतात. काहींची स्वतः तयार करण्याची इच्छा असते. त्यांच्यासाठी तीन गोष्टी.

पहिली : औषधनिर्मितीचा परवाना लोणच्याला पुरत नाही. लोणचे हे अन्न आहे आणि त्यासाठी अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नोंदणी अथवा परवाना लागतो. २०२२ च्या नियमांनी 'आयुर्वेद आहार' हा वेगळा वर्ग निर्माण झाला आहे, पण तो ग्रंथोक्त पाठांनुसार केलेल्या पदार्थांसाठी आहे. घरगुती कृतीच्या बरणीवर ते शब्द छापणे योग्य नव्हे. रोग बरा होण्याचा दावा तर कोणत्याही लोणच्यावर नसावा.

दुसरी : विक्रीच्या शिरक्यातील लोणच्यासाठी द्रवाची आम्लता किमान २ टक्के आणि निथळलेल्या फोडींचे प्रमाण किमान ६० टक्के असे मानक आहे. वरील घरगुती कृतीत ६०० मि.लि. शिरक्यातून २४ ग्रॅम आम्ल येते व ते १६०० ग्रॅममध्ये पसरते, म्हणजे दीड टक्काच. शीतकपाटात ठेवून घरी खाण्यास ती योग्य असली तरी विक्रीस योग्य नाही. अधिक आम्लतेचा शिरका घेऊन आणि प्रयोगशाळेत तपासणी करूनच विक्रीचा विचार करावा.

तिसरी : शिरका घेताना वेष्टन वाचावे. संधानाने तयार झालेला शिरका आणि ॲसेटिक आम्लात पाणी मिसळून केलेला कृत्रिम शिरका असे दोन प्रकार बाजारात आहेत. कृत्रिम शिरक्यावर तसा स्पष्ट उल्लेख बंधनकारक आहे. दोन्हींत किमान ३.७५ टक्के आम्ल असावे लागते. शुक्ताचे गुण सांगून कृत्रिम शिरक्याची बरणी विकणे हे आपल्या व्यवसायाला शोभणारे नाही.

समारोप

त्या प्रसंगानंतर माझ्या केसपेपरवर मी एक ओळ वाढविली आहे : 'बरणीतील पदार्थ – कोणता, कशाने, किती.' तीन शब्दांच्या या प्रश्नात प्रकृती, करण आणि राशी तिन्ही येतात व विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही. रुग्ण खोटे बोलत नाहीत. आपण ज्या नावाने विचारतो त्या नावाचा पदार्थ ते खात नसतात, एवढेच. मावशी अजूनही येतात. नातवाच्या बारशाला त्यांनी ते लोणचे पुन्हा केले. मला बरणी दाखवून म्हणाल्या, "डॉक्टर, पाहुण्यांसाठी हं. मी दोन चकत्यांवर उठले." त्यांच्या रक्तदाबात त्या दोन चकत्याही नसत्या तर बरे, पण वाटीवरून त्या दोन चकत्यांवर आल्या आहेत आणि स्वतः मोजत आहेत, याचे समाधान मोठे आहे.

स्वाध्याय

१. आपल्या परिसरात गोड लागणारे परंतु लवणयुक्त असे कोणते साठवणीचे पदार्थ खाल्ले जातात? पाच नावे लिहून प्रत्येकाचा परिग्रह मांडून पाहा.

२. त्रपुसाची कोशिंबीर व शिरक्यातील त्रपुस यांची आठ आहारविधिविशेषायतनांनुसार तुलना करा.

३. येत्या शरद ऋतूत अम्लपित्ताच्या दहा रुग्णांना बरणीतील पदार्थांविषयी विचारून नोंद ठेवा.